घाटीगावकडची बंद खदान : सहाशेतली बहुतेक रोपं मेली, करधई मात्र जिवंत आहे

लष्करकर (धागाकर्ता), १५ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून घाटीगावकडे जाताना मुख्य रस्ता सोडून दोनेक किलोमीटर आत एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. फिकट करडा, जरासा हिरवट वालुकाश्म. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या छतांना ज्या पटिया (दगडी फळ्या) घातल्यात, त्याच जातीचा दगड. खाणपट्टा संपला, यंत्रं गेली, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. जागा साधारण नऊ एकर: मधे पाण्यानं भरलेला खड्डा, एका बाजूला उभा कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला तुकड्यांचा आणि भुकटीचा मलबा.

चार वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणांनी इथं सहाशे रोपं लावली. कडुनिंब, करंज, गुलमोहर, थोडे पिंपळ. रोपं फुकट मिळाली होती, म्हणून काय मिळतंय ते पाहिलंच नाही. दोन-दोन फुटांचे खड्डे, ट्रॉलीनं आणलेली काळी माती, शेणखत, पहिला उन्हाळाभर टँकर. परवा मोजली, ४१ उरलीत. काळ्या मातीबरोबर गाजरगवत मात्र आलं, ते खड्ड्याखड्ड्यांतून माजलंय. ज्यांनी त्या उन्हाळ्यात कावडीनं पाणी वाहिलं त्यांच्यापुढे उभं राहायला मला जड जातं.

आता मुद्दा. कड्याच्या वर, जिथं दगड कापलाच नव्हता, तिथं करधई आहे, इथलं रानझाड. घोट्याएवढी, शेळ्यांनी कुरतडून चटईसारखी झालेली. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही. गेल्या जूनमध्ये पारा ४५च्या वर असताना मी ती पाहिली होती, पावसाळ्यात पुन्हा हिरवी. आपलं नेमकं कुठं चुकलं आणि आता या जागेवर काय करावं, हे जाणकारांनी सांगावं. या वेळी घाई करायची नाही असं आम्ही ठरवलंय.

पळसपान, १५ फेब्रुवारी

काका, चूक काय झाली ते तुम्हीच शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय. जी झाडं त्या कातळाची नव्हती त्यांना माती नि पाणी देऊन जगवायला गेलात, आणि जे त्या कातळाचं होतं ते शेळ्यांच्या तोंडी राहिलं.

करधई ही आपल्या धावड्याची चुलत बहीण. पान बोटाच्या पेराएवढं, फांद्या खाली झुकलेल्या, थंडीत पानांना तांबूस रंग चढतो. शिवपुरीचं माधव उद्यान म्हणजे संस्थानी काळचं शिकारीचं रान. तिथं आणि कूनोच्या रानात डोंगरच्या डोंगर तिचे आहेत. कूनोकडची माणसं सांगतात की पाऊस पडायच्या आधी नुसत्या हवेतल्या ओलीवर ती पालवते. शेळ्या सतत खात राहिल्या की ती उभी वाढायचं सोडून देते आणि दगडावर आडवी पसरते. पण खाली मुळं फटींत खोल गेलेली असतात. चराई थांबवली की त्याच चटईतून एक-दोन शेंडे वर निघतात आणि पुढे त्यांचंच झाड होतं. म्हणजे तुमच्या कड्यावर जुनी, मुळं धरलेली झाडं आत्ताही उभी आहेत, फक्त घोट्याच्या उंचीची. पहिला पैसा कुंपणावर घाला. रोपांवर एक रुपयाही नको.

तिच्या बियांवर भिस्त ठेवू नका. पोतंभर जमवाल, पण बहुतेक दाणे आतून पोकळ असतात. तिचं पसरणं मुख्यतः मुळांच्या फुटव्यांतून आणि खुंटाच्या धुमाऱ्यांतून होतं.

बाकी कुणाला आणायचं ते कड्यापलीकडच्या टेकडीवर जाऊन बघा. मला वाटतं तिथं सलई असेल, खैर असेल, पायथ्याला रेमझा (महाराष्ट्रात याला हिवर म्हणतात), पळस, हिंगणबेट, करील म्हणजे नेपती, रानबोर, रानकरवंद, थोर. सलईचं काम तर आत्ताच करायचं. ती या दिवसांत निष्पर्ण असते. मनगटाएवढ्या जाड फांद्या हात-दोन हात लांबीच्या तोडा, चार-पाच दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्या, मग मलब्याच्या उतारावर रोवा. खैराच्या शेंगा अजून झाडावर मिळतील, पण दाणे निवडून घ्या, भोक पडलेला दाणा किड्यानं खाल्लेला असतो. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये गळतात, त्या ताज्याच पेरायच्या, वर्षभर ठेवल्या तर वाया.

आणि एक, हे सगळं शक्यतो जागेवरच पेरा. खैर आणि पळस आधी सोटमूळ खाली पाठवतात, वर काहीच दिसत नाही. काळ्या पिशवीत तेच मूळ गोल गोल फिरतं, आणि असं रोप कातळात कधीच खाली जात नाही.

दौलतगंज, १५ फेब्रुवारी

वाचतोय. करधईबद्दल इतकं काही आहे हे माहीत नव्हतं, लहानपणापासून नुसतं जळणाचं लाकूड म्हणून ऐकलं होतं.

हिरवीपायवाट, १६ फेब्रुवारी

लष्करकर, दाट जंगलाची मियावाकी पद्धत का करत नाही? एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षं पाणी, मग त्यांचं ते बघतात. शहरात लोकांनी केलेली मी पाहिलीत, तिसऱ्या वर्षी आत शिरता येत नाही इतकी गच्च होतात. लोकांना फरक डोळ्यांनी दिसतो, वर्गणी मिळते. पडीक खदानीवर अजून वीस वर्षं वाट बघा असं सांगितलं तर कोण येणार?

पळसपान, १६ फेब्रुवारी

तुमची तळमळ पोचली, आणि लोकांना काहीतरी दिसायला हवं हेही खरं. पण त्या पद्धतीत आधी मीटरभर खोल जमीन मोकळी करून तिच्यात भरपूर सेंद्रिय माल मिसळावा लागतो. इथं मीटरभर खाली अखंड दगड आहे. नऊ एकरांना माती आणायची तर कुठल्यातरी शेताची वरची कातडी सोलून आणावी लागेल, म्हणजे एक खदान बुजवायला दुसरी खणायची. शिवाय या भागाचं रान मुळात गच्च नाहीच. झाडं विरळ, मधे गवत आणि झुडपं. पाऊस ८००-९०० मिलिमीटर, तोही जवळपास सगळा जुलै ते सप्टेंबर. उरलेले नऊ महिने जे आहे त्यावर काढायचे. एवढ्या पाण्यावर चौरस मीटरला चार झाडं जगत नाहीत, एकमेकांना मारतात.

खडकपारखी, १७ फेब्रुवारी

मी भूशास्त्रवाला, झाडांतलं फार कळत नाही, पण दगडाबद्दल लिहितो.

इथला वालुकाश्म विंध्य शृंखलेचा. जवळजवळ सगळा गारगोटीच्या कणांचा. त्याचा भुगा झाला तरी चिकणमाती होत नाही, रेतीच होते, आणि रेती ना पाणी धरते ना खत. घातलेलं शेणखत पहिल्या दोन पावसांत खाली वाहून गेलं असणार. पण याच दगडाला उभ्या सांध्यांच्या भेगा असतात, त्यांत पाणी झिरपतं आणि मार्चनंतरही ओल टिकते. वरची सपाटी मरणाची कोरडी आणि भेगेच्या तळाशी ओल, असा हा खडक आहे. किल्ल्याच्या कड्यावर पिंपळ-वड उगवलेले दिसतात ते याच भेगांच्या जिवावर.

खदानीच्या तळावर मात्र ट्रक फिरून फिरून भुकटी सिमेंटसारखी बसलेली असते. तिथं पाणी मुरतच नाही, वाहून तरी जातं किंवा साचून तरी राहतं. ती जमीन पहारीनं किंवा ट्रॅक्टरच्या फाळानं आडव्या रेषांत फोडून घ्या, उताराच्या दिशेनं अजिबात नको. मलब्याच्या पायथ्याला मोठ्या दगडी खंड्यांची कोरडी भिंत घाला, नाहीतर दर पावसाळ्यात उतार घसरत राहील आणि त्यावर बी ठरणार नाही.

बिलौआकडे काळ्या दगडाचे क्रशर आहेत, तिथल्या कुणी हा धागा वाचून हीच यादी उचलू नये. तो दगड झिजून वेगळी, जड माती होते, तिथं झाडांची निवड वेगळी निघेल. आधी जवळचं न खणलेलं रान पाहायचं हा नियम मात्र तिथंही चालेल.

मुरारची_माई, १८ फेब्रुवारी

लष्करकर भाऊ, सगळे झाडांबद्दल लिहितायत, मी शेळ्यांबद्दल लिहिते. कुंपण घाला म्हणणं सोपं आहे. त्या नऊ एकरांवर ज्यांच्या शेळ्या चरतात त्या बायकांशी कुणी बोललंय का? आणि तिथं विलायती बाभूळ असेलच, ती तुम्ही उद्या उपटायला निघाल. चंबळच्या बीहडांत १९८०च्या दशकात विमानातून तिचं बी टाकलं होतं, तेव्हापासून ती इकडे सगळीकडे आहे. ती वाईट, तिच्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही, हे मान्य. पण आजूबाजूच्या घरांतली चूल तिच्यावरच पेटते. एकदम काढलीत तर बायका जळणाला करधईवरच कोयता घालतील. त्यांचा दोष नाही त्यात.

माझ्या माहेरच्या गावी असंच झालं होतं. कुंपण बाहेरच्यांनी घातलं, गावाला विचारलं नाही, दोन महिन्यांत खांबसुद्धा गेले.

लष्करकर, १८ फेब्रुवारी

माई, नाही बोललो. चार वर्षांपूर्वीही नाही आणि आत्ताही नाही. रविवारी जातो.

सरदारपुरा_ते_शिंदेछावणी, १९ फेब्रुवारी

माझी काही वर्षं जोधपूरला नोकरीत गेली, म्हणून हे सांगावंसं वाटतं. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी ७२ हेक्टरांचं राव जोधा उद्यान आहे. प्रदीप कृष्ण यांनी २००६ पासून तिथं काम केलं. सगळा ज्वालामुखीचा कठीण खडक, आणि त्यावर विलायती बाभूळ माजलेली. ती नुसती कापली की पुन्हा फुटते, कारण फुटव्याचे डोळे जमिनीखाली, मुळाच्या मानेशी असतात. तेवढं मूळ कातळातून बाहेर काढायचं कसं, यावर त्यांचं गाडं अडलं होतं. रसायनं झाली, यंत्रं झाली. शेवटी उपयोगी पडले खांडवालिये, म्हणजे तिथले पिढीजात दगडफोडे. ते हातोडीनं दगड ठोकून आवाजावरून ओळखत की भेग कुठून जाते आणि कुठं पोकळ आहे. मग छिन्नीनं बरोबर तेवढाच दगड फोडून मूळ काढत. त्यातून जो खड्डा होई त्यातच मरुभूमीतलं गावठी झाड लावत, कारण बाभळीनं मुळासाठी वाट आधीच शोधून ठेवलेली होती.

तिथं पावसाळ्यानंतर फिरताना प्रत्येक झुडपाखाली दगडाची धार दिसते. माती जवळजवळ नाहीच.

गुडगावचं अरवली उद्यानही आधी खाणीचंच होतं, दीडशे हेक्टरांहून थोडं जास्त. तिथल्या लोकांनी आदर्श म्हणून जवळची मांगर बनी धरली, गावांनी देवाचं रान म्हणून राखलेली. तिथं करधईच आहे, तिकडे धौ म्हणतात.

लष्करकर, २४ फेब्रुवारी

रविवारी जाऊन आलो. जरा मोठं लिहितो.

खदानीच्या खालच्या अंगाला सहरिया आदिवासींची पंधरा-वीस घरं आहेत. तिथं एक कक्का भेटले. याच खदानीत त्यांनी बावीस वर्षं पटिया काढल्या. आता दम लागतो, छातीत दगडाची धूळ बसलीय, दोनशे पावलं चालले की थांबतात. मी त्यांना कड्यावरची करधई दाखवायला नेणार होतो, त्यांनीच मला नेलं. त्यांचे वडील सलईचा डिंक काढायचे, खैराच्या कामालाही जायचे. खदान सुरू व्हायच्या आधी इथं काय होतं ते त्यांनी जागेवर उभं राहून सांगितलं: खड्डा आहे तिथं करधई, पायथ्याला खैर आणि रेमझा, नाल्याच्या काठानं अर्जुन. मी वहीत नकाशा काढून घेतला.

मग जोधपूरची गोष्ट सांगितली तर त्यांनी काही न बोलता हातातली काठी कातळावर आपटत चालायला सुरुवात केली. तीन ठिकाणी थांबले. म्हणाले, इथं दगडाची नस आहे, खाली ओल असणार. सब्बलनं (पहारीनं) एका ठिकाणी फळी उचलून पाहिली, खाली मुठीत गोळा होईल इतकी ओली भुकटी निघाली. फेब्रुवारीच्या शेवटी! आम्ही जिथं खड्डे घेतले होते त्यातला एकही नसेवर नव्हता. चार वर्षं हा माणूस आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर होता आणि आम्ही त्याला एकदाही विचारलं नाही.

शेळ्यांचंही बोलणं झालं. बायकांचं म्हणणं असं की सगळी जागा बंद नको. वरची कड्याची तीन एकर आधी बंद करा, खालचं चालू ठेवा, आणि बंद केलेल्या भागातलं गवत दिवाळीनंतर कापून न्यायची मुभा आमच्या घरांना द्या. राखण त्या करतील. विलायती बाभूळ दर वर्षी एक पट्टा काढायची, लाकूड त्यांचं. मला तर यात नाही म्हणण्यासारखं काहीच दिसलं नाही.

मुरारची_माई, २४ फेब्रुवारी

फार बरं वाटलं वाचून. कक्कांना मजुरीवर घ्या भाऊ, पण त्यांच्या हातात छिन्नी देऊ नका. त्यांनी बसून नस दाखवायची, फोडायचं तरण्यांनी, तेही दगडावर पाणी मारून आणि नाकातोंडावर नीट मुखपट्टी बांधून. एका माणसाची छाती गेलीय, दुसऱ्याची जायला नको.

कचेरीपान, २५ फेब्रुवारी

कागदाचं बघून घ्या. पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, आणि नकाशा काढा, जागा महसुलाची की वनखात्याची ते पहिल्यांदा पक्कं करा. वनखात्याची निघाली तर त्यांच्या परवानगीशिवाय तुमचं कुंपणही बेकायदा ठरेल. पंचायतीचा ठराव लेखी घ्या आणि गवत कापायची मुभा त्यातच लिहून घ्या, तोंडी ठेवू नका, सरपंच बदलतात.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलंय की खाणपट्ट्याच्या अटींत काम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घाला, म्हणजे तिथं चारा आणि वनस्पती पुन्हा येतील. तुमचा पट्टा त्याच्या आधीच संपला, त्यामुळे जुन्या पट्टेदाराला यात धरता येईल असं वाटत नाही. पण जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर सुरू झालेला, आणि त्यात पर्यावरणाचं काम बसतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जात वृक्षारोपण लिहू नका, चराईबंदी, गवत आणि मृदसंधारण असं लिहा.

माळरान, २५ फेब्रुवारी

कचेरीपान यांनी गवताचं काढलं म्हणून लिहिते. सगळे झाडांकडे बघताय, पण पहिली दोन-तीन वर्षं काम गवत करणार आहे. मलब्यावर आधी कुसळी येते, तिला कुणी आणावं लागत नाही. तिच्यानंतर मारवेल, पवन्या, अंजन गवत. गवताच्या मुळांनी भुकटी धरून ठेवली की तिच्यात खैराचा दाणा अडकतो. बोर आणि थोर यांचंही तसंच, त्यांच्या काट्यांच्या आत जे उगवतं ते शेळीला पोचत नाही. जुनी माणसं थोर उपटत नसत ते उगाच नाही.

गवताचं बी दिवाळीच्या आसपास धरतं. टेकडीवरचं पिकलेलं गवत कापून सरळ मलब्यावर पसरायचं, वर काट्या टाकायच्या. चाळण, पिशव्या काही लागत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. खदानीला लागून सपाट मोकळा माळ असेल तर त्यावर एकही झाड लावू नका. घाटीगावचं अभयारण्य १९८१ मध्ये सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी झालं. तो मोकळ्या गवताचा पक्षी. रिकामी जागा दिसली की झाड लावायचं या आपल्या सवयीनं माळ संपत आलेत, आणि माळाबरोबर तोही.

इंदूरचा_बापू, २६ फेब्रुवारी

आमच्याकडे इंदूरला सगळा काळा दगड आणि मुरुम, त्यामुळे तुमच्यापेक्षा सोपं असेल. मुरुम लवकर झिजतो. आमच्या ओळखीच्या एका खाणीत काहीच न करता पळस आणि धावडा परत आलेत, फक्त गुरं बंद केली होती. कड्याचं काय करणार आहात? आम्हाला तो सुरुंग लावून उतरता करा असं सांगितलं होतं.

पळसपान, २६ फेब्रुवारी

बापूसाहेब, उभा कडा आहे तसा राहू दे असं माझं मत. त्यावर शृंगी घुबड घर करतं, या महिन्यांत तर पिल्लंही असतील. वरच्या काठाला माणसं-गुरं पडू नयेत एवढी दगडी भिंत पुरे. पाण्याच्या खड्ड्याची मात्र काळजी घ्या. अशा खड्ड्यांत दर उन्हाळ्यात मुलं पोहायला उतरतात, आणि बाहेर यायला पायरी नसते. मलबा ढकलून एका बाजूनं सावकाश उतार करा. जनावरं पाणी पितील, बेडूक येतील, आणि कुणी पडलंच तर वर येऊ शकेल. काका, बाकी सगळं मागे राहिलं तरी चालेल, हे या उन्हाळ्याच्या आत करा.

हिरवीपायवाट, २७ फेब्रुवारी

मियावाकीचा आग्रह सोडला. मी यायला तयार आहे, माझ्याबरोबर कॉलेजची आठ मुलं आहेत. त्यांना फरक दिसायला हवा म्हणत होतो, तर ती दर महिन्याला त्याच दहा दगडांवर उभं राहून फोटो काढतील.

लष्करकर, १ मार्च

खसरा निघाला, जागा महसुलाचीच आहे. पंचायतीचा ठराव गुरुवारी झाला, गवताचा मुद्दा त्यात लिहून घेतला, वाचून दाखवला आणि मगच बायकांनी अंगठे दिले. उताराचं काम होळीनंतर लगेच सुरू होतंय, ट्रॅक्टर गावातलाच आहे. कक्कांची रोजची मजुरी आमच्या वर्गणीतून, नस दाखवायची आणि पोरांना शिकवायची. ४१ जुनी झाडं आहेत तशी राहू देतोय, गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटायचं आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सलईच्या फांद्या आणि खैराच्या शेंगा गोळा करायला पलीकडच्या टेकडीवर जातोय. एका झाडाच्या दोनपेक्षा जास्त फांद्या तोडायच्या नाहीत, असं कक्कांनी आधीच बजावलंय. पोती आमच्याकडे आहेत, कोयता असेल तर आणा. पायांत बूट घाला. पाणी घरून आणा, तिथला हातपंप बंद आहे.